आवाज घरी पोचेपर्यंत

बाय,

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. रेकॉर्डर घेतला, तळहाताएवढा आहे, आणि रविवारी वरच्या आळीतल्या धवलारीण आजीकडे जाऊन तिचे लग्नातले धवले रेकॉर्ड करायचे ठरवलेत. मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी गॅलरीत उभी होते. मग मात्र झोप लागेना. तुला एक गोष्ट मी कधी नीट सांगितलेली नाही. घरात तो विषय निघाला की मी उठून आत जाते, हे तू पाहिलं असशील. आज ती सांगते आणि तिच्याबरोबर मला जे उमजलं तेही सांगते.

तू तेव्हा सहावीत होतीस. मी कॉलेजातून एक रेकॉर्डर मागून आणला होता आणि दोन दुपारी आपल्या आजीजवळ बसले होते. मांडवाला उंबराची फांदी आणतात त्याचा धवला, देवकाचा, हळदीचा, नवरी निघते तेव्हाचा. एकामागून एक ती म्हणत गेली. मधेच थांबून हा कोणाकडून शिकले, तो कोणाच्या लग्नात पहिल्यांदा एकटीने म्हटला, असं सांगत होती. रात्री मी यंत्र कॉम्प्युटरला लावलं, त्यातल्या फाइली डेस्कटॉपवर आणल्या. चार चित्रं ओळीत दिसली. एकावर क्लिक केलं, आजीचा आवाज आला. काम झालं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी यंत्र परत द्यायचं होतं म्हणून त्यातलं सगळं पुसलं. कॉलेजात त्याच कार्डावर स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग झालं.

तीन आठवड्यांनी मी ती फाइल उघडली, तर कॉम्प्युटर म्हणाला, फाइल सापडत नाही. मी जे आणलं होतं ते नुसते शॉर्टकट होते. खरा आवाज यंत्रातच होता, आणि यंत्र जोडलेलं होतं म्हणून त्या रात्री तो वाजला. चित्राच्या कोपऱ्यातला तो बारीकसा बाण मी पाहिलाच नव्हता. कार्ड घेऊन मी एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यावर नवं रेकॉर्डिंग झालेलं होतं, त्यामुळे त्याच्या हाती काही सेकंदांचे तुकडे लागले. आजीला पुन्हा बसवू, असं म्हणत राहिले आणि त्या पावसाळ्यात आजी गेली. आता तिचा गाता आवाज आपल्याकडे फक्त काकाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे, तोही बँडच्या मागे, अर्धामुर्धा.

तुला घाबरवायला हे सांगत नाही. रेकॉर्डिंगचं बटण बंद केलं म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं होतं, आणि तिथेच माझं चुकलं. आवाज यंत्रातून निघून घरी नीट पोचला, त्याला नाव-गाव लागलं, तो तीन ठिकाणी ठेवला गेला आणि जिचा होता तिच्यापर्यंत परत गेला, की मग रेकॉर्डिंग झालं असं म्हणायचं. एवढी एक गोष्ट मनात धर. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी हे का करायचं ते. आपल्या आगरी लग्नात धवलारणीचं काय स्थान आहे हे तुला मी सांगायला नको. भटजी नसायचे तेव्हाही लग्नं लागत होती, ती तिच्या तोंडच्या धवल्यांवर. कुठला विधी कधी, त्यात काय लागतं, कोणाचा मान आधी, हे सगळं तिच्या गाण्यात बांधलेलं असतं. 'धवला' हा शब्दही फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे रचले आणि त्यांच्यावरूनच तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. म्हणजे मराठीत बाईच्या नावावर लागलेली पहिली कविता लग्नातल्या गाण्याची आहे. वरच्या आळीतली आजी ओसरीवर बसून जे म्हणते त्याचं गोत्र तिथपर्यंत जातं, हे मनात ठेवून तिच्यासमोर बस.

आणि हे लिहून भागत नाही. पुस्तकात 'धवळे' लिहितात, आजी 'धवले' म्हणते. आपण शाळेत 'पाणी' लिहिलं, घरात 'पानी' मागितलं. 'गाडी'ची 'गारी' होते, आणि बाहेरचे ज्याला घोडबंदर म्हणतात ते आजीच्या तोंडी घोरबंदर असतं. कागदावर उतरवताना आपला हात नकळत शाळेतलं शुद्धलेखन घालतो. शिवाय ती ओळीच्या शेवटी स्वर कसा खाली सोडते, बाकीच्या बायका कुठे उचलून धरतात, हे कुठल्या अक्षरात लिहिणार? आपल्या घोडबंदरच्या किल्ल्याचं कागदोपत्री सगळं आहे. पोर्तुगीजांनी तो बांधला, १७३७ च्या स्वारीत तो मराठ्यांकडे आला, हे कुणालाही वाचायला मिळतं. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी ओसरीवर गायलेलं मात्र आवाजातच टिकेल, नाहीतर टिकणार नाही.

आता रविवारचं बोलू.

हळदीच्या दिवशी रेकॉर्ड करायला जाऊ नकोस. डीजेसमोर तुझ्या यंत्राचं काही चालणार नाही. साधा दिवस धर, दुपारची जेवणं आटोपून आळी निजलेली असते ती वेळ. पहिल्यांदा जाशील तेव्हा यंत्र पिशवीतच असू दे. चहा घे, आजीचे गुडघे कसे आहेत विचार, सुनेशीही बोल. मग यंत्र तिच्या हातात दे, तिचाच आवाज एक मिनिट घेऊन तिलाच ऐकव. अमुक धवला लग्नाशिवाय म्हणायचा नाही असं ती म्हणाली तर तिथेच थांब, रेटू नकोस. तो तिचा अधिकार आहे.

परवानगी तीन वेगवेगळ्या प्रश्नांनी माग. रेकॉर्ड करून जपून ठेवू का? घरच्यांना, नातवंडांना देऊ का? आणि सगळ्या जगाला ऐकता येईल असं कुठे टाकू का? पहिल्याला हो म्हणाली म्हणजे तिसऱ्यालाही हो, असं धरून चालू नकोस. आपली गाणी कुणीतरी उचलतो, त्यावर ठेका चढवतो आणि म्हातारीचं नावही कुठे राहत नाही, हे आपण पाहिलंय. तिची उत्तरं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेव.

जागा निवडताना दोन मिनिटं डोळे मिटून बस आणि नुसतं ऐक. आपल्या कानाला गायमुखच्या घाटातल्या ट्रकची घरघर आता ऐकूच येत नाही, तिची सवय झालीय. माइकला सवय नसते, तो सगळं सारखंच घेतो. ओसरी रस्त्याच्या बाजूची आहे, तेव्हा आतल्या खोलीत बसा. जिथे गाद्यांची चळत आहे, दोरीवर गोधड्या आहेत, ती खोली सगळ्यात चांगली. कापड आवाज पिऊन घेतं, मग भिंतींवरून घुमत नाही. पंखा बंद. फ्रीज बंद करायला सांगितलास तर तुझ्या घराची किल्ली त्या फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. तुझा मोबाइल विमानाच्या मोडवर टाकून दुसऱ्या खोलीत. यंत्रात लो-कट म्हणून एक सोय असते, ती चालू कर. गाड्यांची खालच्या पट्टीतली घरघर ती बरीच कापते आणि बाईच्या आवाजाला धक्का लागत नाही.

यंत्र तिच्या तोंडापासून एक-दीड हातावर, जरा बाजूला ठेव, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना श्वास थेट माइकवर आदळणार नाही. लाकडी पाटावर किंवा स्टीलच्या डब्यावर तसंच ठेवू नकोस. खाली टॉवेलची घडी घाल, नाहीतर पायाचा एवढासा धक्काही ढोलासारखा वाजतो. माइकवर स्पंजची टोपी असू दे. आजीच्या बांगड्या वाजतील. त्या काढायला सांगू नकोस. ती हाताने मांडीवर जो ताल धरते त्यात त्या बांगड्या आहेतच, त्या गाण्यातच मोजायच्या. फक्त यंत्र तिच्या त्या हाताच्या बाजूला ठेवू नकोस.

आता यंत्रातल्या चार गोष्टी आधीच लावून ठेव. तारीख आणि वेळ बरोबर लाव, नाहीतर सगळ्या फाइली एकाच कुठल्यातरी जुन्या तारखेच्या दिसतील. रेकॉर्डिंग 'वेव्ह'मध्ये कर, 'एमपीथ्री'त नको. एमपीथ्रीची फाइल लहान होते, कारण कानाला फारसं कळणार नाही असं तिला वाटतं तो भाग ती टाकून देते, आणि टाकलेलं पुन्हा मिळत नाही. वेव्हवरून एमपीथ्री कधीही करता येते, उलटं करून गेलेला आवाज मिळत नाही. सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असे आकडे दिसतील, ते निवड. जगभरची ध्वनिसंग्रहालयं जपून ठेवायच्या आवाजासाठी निदान एवढं तरी ठेवा असं सांगतात. जागेची काळजी करू नकोस. या मापाने स्टिरिओ रेकॉर्डिंगला तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीसेक तास मावतात. आजीचं सगळं भांडार एका कार्डात येईल.

तिसरी गोष्ट लेव्हल. आजीला एक ओळ पूर्ण आवाजात म्हणायला लाव. बोलायला सांगू नकोस, गायलाच सांग, कारण या बायका बोलतात हळू आणि गातात ते आळीभर ऐकू जाईल असं. काटा सगळ्यात वर गेला तरी उणे १२ च्या आसपास राहील असं बटण फिरव. शून्य म्हणजे छत. आवाज छताला लागला की फाटतो, आणि फाटलेला शिवता येत नाही. थोडा हळू आला तर नंतर वाढवता येतो. 'ऑटो' लेव्हल गाण्याला बंद ठेव. आजी श्वास घ्यायला थांबली की ते यंत्र शांतता शोधून तिला मोठी करतं, आणि दोन ओळींच्या मध्ये हायवे वाजायला लागतो. चौथी गोष्ट, नवे सेल घाल आणि एक जोडी पिशवीत ठेव.

सुरू केल्यावर लाल दिव्याकडे नीट बघ. काही यंत्रांत पहिल्यांदा बटण दाबलं की दिवा फक्त लुकलुकतो. तेव्हा यंत्र नुसतं तयार असतं, आवाज लिहीत नसतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो. दिव्यावर विसंबू नकोस, सेकंद पुढे सरकतायत का ते बघ. मग खणखणीत आवाजात बोल: आजची तारीख, घोडबंदर, कुणाच्या घरी, कोण गातंय, तिचं माहेर कुठलं, समोर कोण कोण बसलंय. उद्या वही हरवली, फाइलचं नाव बदललं, तरी आवाज स्वतःच आपली ओळख सांगेल. हेडफोन कानाला असू दे. आजीला आधी सांग की हे कशासाठी, म्हणजे तू तिचं ऐकत नाहीस असं तिला वाटणार नाही.

आणि दोन धवल्यांच्या मध्ये यंत्र बंद करू नकोस. मला त्या दोन दुपारींतली गाणी गेली याचं दुःख आहेच, पण जास्त दुःख मधल्या बोलण्याचं आहे. आजी तिच्या सासूबद्दल काय म्हणाली होती ते मला आता शब्दशः आठवत नाही. गाणी कदाचित दुसऱ्या कुणा धवलारणीकडे मिळतील, ते बोलणं मिळणार नाही. तिला दुरुस्त करू नकोस, हूं-हूं करू नकोस, मानेने दाद दे. शेवटी अर्धा मिनिट सगळे गप्प बसा आणि खोलीची नुसती शांतता घे. पुढे कधी मागचा खरखराट साफ करायचा झाला तर ती उपयोगी पडते.

इथपर्यंतचं सगळेजण करतात. माझी खरी काळजी घरी आल्यानंतरची आहे.

त्याच रात्री बस. दमली असशील, उद्या करू असं वाटेल, तरी बस. यंत्र केबलने जोड किंवा कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाल. केबल जोडल्यावर कॉम्प्युटरला काहीच दिसलं नाही तर यंत्र बिघडलं म्हणून घाबरू नकोस. मोबाइलबरोबर मिळणाऱ्या काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाही. यंत्राबरोबर आलेली केबल वापर. काही रेकॉर्डर जोडल्यावर त्यांच्या पडद्यावर विचारतात की कार्ड म्हणून जोडू की माइक म्हणून. तिथे कार्ड निवडायचं. मग पेनड्राइव्ह दिसतो तसं ते दिसेल.

कॉम्प्युटरवर आधी एक फोल्डर कर, त्याचं नाव 'मूळ' ठेव. कार्डातल्या फाइली निवड, कॉपी कर, आणि 'मूळ'मध्ये पेस्ट कर. कट करू नकोस, ओढून नेऊ नकोस. मधेच वीज गेली, केबल हलली, तर कट केलेलं कधी ना इथलं ना तिथलं होतं. कॉपी झाली की दोन्हीकडे फाइली मोज. सात तर सातच हव्यात. मग एकेकीचा आकार बघ. वीस मिनिटांची फाइल तीन-साडेतीनशे एमबीच्या आसपास असेल. एक-दोन केबीची दिसली तर तो शॉर्टकट आहे, आवाज नाही.

आणि आता ते, जे मी त्या रात्री केलं नाही. 'इजेक्ट' करून यंत्र कॉम्प्युटरपासून सोडव. केबल काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेव. मग फाइल वाजव. सुरुवात ऐक, मधूनच कुठेतरी ऐक, शेवट ऐक. प्रत्येक फाइलचं असं कर. यंत्र लांब असताना आजी कॉम्प्युटरमधून गायली, म्हणजे ती खरोखर घरी आली.

एवढं झाल्यावरही कार्ड लगेच पुसू नकोस. दुसरी आणि तिसरी प्रत होईपर्यंत ते एका पाकिटात घालून बाजूला ठेव, कार्डं आता तशी महाग नाहीत. पुढे पुसायचं झालंच तर कॉम्प्युटरवरून पुसू नकोस, यंत्रातल्याच 'फॉरमॅट'ने पूस. आणि कधी चुकून पुसलं गेलं तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एक सेकंदही नवं रेकॉर्डिंग करू नकोस. पुसल्यावर आवाज लगेच जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. नवं काही त्याच्यावर लिहिलं गेलं की मग तो जातो. 'फोटोरेक' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाइलीही ते शोधून काढतं. हे मला तेव्हा ठाऊक असतं आणि ते कार्ड मी कॉलेजात नेलं नसतं, तर आपली आजी आज आपल्याला ऐकू आली असती.

मग नावं. यंत्र स्वतः जी नावं देतं त्यांतून सहा महिन्यांनी तुलाही काही कळणार नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग विधी, मग क्रमांक, या क्रमाने नाव दे; वर्ष पुढे असलं की फाइली आपोआप तारखेने ओळीत लागतात. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत असू दे, काही यंत्रं देवनागरी नावं नीट दाखवत नाहीत. आणि एक वही कर, दोनशे पानी, शाळेची. त्यात प्रत्येक फाइलसमोर आपल्या भाषेत सगळं लिही: गाणारीचं नाव, वय, सासर, माहेर, कोणाकडून शिकली, कुठला विधी, कितव्या मिनिटाला कुठला धवला सुरू होतो, परवानगी कशाची दिली आणि कशाची नाही. त्या पानांचे फोटोही फाइलींबरोबर ठेव.

नाव-गाव लिहायला मी एवढं का सांगते, त्याचं एक उदाहरण देते. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना मिळाले आणि त्यांच्या मदतीने त्यांतल्या कित्येक ओव्या बायकांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या, शंभरावर तास. पॉयटवँ २००४ मध्ये गेले, नंतर हेमाताईही गेल्या. पण ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं नाही. २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्यांची माणसं वीस-वीस वर्षांनी त्या गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना शोधू शकली, त्यांचे फोटो घेऊ शकली, त्यांच्याशी बोलू शकली. का? तर ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलेलं होतं म्हणून. नुसतेच तास-तास आवाज असते तर ते कुणाच्या दारात गेले असते?

आता तीन ठिकाणं. एक प्रत तुझ्या कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावात. तिन्ही एकाच घरात असतील तर ती एकच प्रत समज. २६ जुलै २००५ तू पाहिलेला नाहीस. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. खाडीकाठच्या खालच्या घरांमधून नंतर आठवडाभर भिजलेल्या फायली, अल्बम, कॅसेटी दोरीवर वाळत होत्या. एकाच कपाटात ठेवलेलं एकाच वेळी भिजतं. म्हणून तिसरी प्रत माझ्याकडे दे. इथे पुण्यात माझ्या कपाटात ती राहील, आणि दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी मी ती लावून ऐकेन, चालतेय ना बघेन. पेनड्राइव्ह आणि डिस्क नुसत्या ठेवून दिल्या तरी कधीतरी दगा देतात, म्हणून वर्षातून एकदा वाजवणं आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवणं हे घरातल्या लोणच्याच्या बरणीसारखं बघत राहायचं असतं. नेटवर जागा घेऊन तिथेही ठेवलीस तर उत्तमच. व्हॉट्सॲपवरून गाणं पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि ते फक्त ऐकण्यापुरतं धर. ती जपून ठेवायची प्रत नव्हे.

हे तीन प्रतींचं शहाणपण काही कॉम्प्युटरबरोबर आलेलं नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन, विचारून, पारखून जमवल्या, तेच आपलं 'लीळाचरित्र'. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली. ग्रंथ वाचला तो महानुभाव पंथातल्या माणसांना पाठ होता म्हणून. ज्याला जसं आठवलं तसं पुन्हा लिहून काढलं गेलं. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. एक पोथी हरवली तरी दुसरी प्रत एका बाईच्या स्मरणात होती. वरच्या आळीतल्या आजीचे धवले आज नेमके असेच एकाच ठिकाणी आहेत, एका म्हातारीच्या स्मरणात. तू दुसरं ठिकाण करायला निघालीयस.

गाणं कापायचं, मधला खोकला काढायचा, आवाज थोडा वाढवायचा असेल तर 'ऑडॅसिटी' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चार दिवसांत हाताला बसेल. पण 'मूळ' फोल्डरला हात लावायचा नाही. त्यातली एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये घे आणि तिच्यावर काय ते कर. आज तुला जो खोकला नकोसा वाटतो, तो वीस वर्षांनी कुणाला तरी आजीची खूण वाटेल.

हे आपण घरच्या घरी करतो म्हणून छोटं आहे असं समजू नकोस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषातज्ज्ञांनी राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, तेव्हा तेही असेच गावोगाव जाऊन साध्या माणसांसमोर रेकॉर्डर घेऊन बसले. पण ते पाहुणे म्हणून येतात आणि ठरावीक वेळ बसतात. तू आजीला घरच्यासारखी आहेस. पाहुण्यासमोर ती जपून बोलेल, तुझ्यासमोर आगरीतच बोलेल, तुझ्यावर रागावेल, रडेलही. ती रडली तर यंत्राकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. हवं तर बंद कर.

शेवटचं काम सगळ्यात सोपं, आणि तेच राहून जातं. पंधरा दिवसांत आजीकडे परत जा. तिच्या नातवाच्या मोबाइलवर गाणी घालून दे, एक पेनड्राइव्ह सुनेच्या हातात दे, आणि छोटा स्पीकर नेऊन तिला तिचं सगळं ऐकव. ती मधेच हात वर करील, इथं माझं चुकलं म्हणेल. एक कडवं राहिलं म्हणेल, आणि जे पहिल्या दिवशी आठवलं नव्हतं ते तिला स्वतःचाच आवाज ऐकून आठवेल. म्हणून त्या दिवशीही रेकॉर्डर बरोबर असू दे, भरलेल्या सेलसकट.

रविवारी मी येणार नाही. मी आले तर तू माझ्याकडे बघशील, आणि आजी तुझ्याकडे बघायला हवी. पण रात्री मी जागी असेन. फाइली उतरवून झाल्या, मोजून झाल्या, की केबल काढ, यंत्र लांब ठेव आणि मला फोन लाव. कितीही वाजले असले तरी लाव. काही बोलू नकोस. फोन कॉम्प्युटरजवळ धर आणि एक धवला वाजव.

तुझी,
ताई